पिशवी हलवली नव्हती

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्षही उरलं नव्हतं. आखातातल्या आमच्या स्टेडियमच्या साइट ऑफिसात रजा मागायची सोय नव्हती. जानेवारीत एकालाच घरी जाता येईल, असं आमच्या अमेरिकन मॅनेजरनं सांगितलं. चिठ्ठ्या टाकू, सगळ्यांना ‘फेअर शेक’ मिळेल.

“म्हणजे काय रे?” नॉरबर्ट अंकलनी मला विचारलं.

“सगळ्यांना सारखी संधी. बहुधा फाशांवरून आलंय. फासे नीट खुळखुळवायचे, मगच टाकायचे. नाहीतर ठेवले तसेच पडतात.”

“मग आमच्या हाउजीसारखंच की.”

अंकल वसईचे. साइटवर टाइमकीपर. कोविडपासून घरी गेले नव्हते. दमून उभ्या उभ्या डोळे मिटायचे त्यांचे. जानेवारीत त्यांच्या मुलीचं, एस्थरचं लग्न होतं. इथल्या वसईकरांच्या नाताळच्या हाउजीत पिशवीतून आकडे काढून पुकारायचं काम त्यांच्याकडे असे. चिठ्ठ्यांसाठी तीच पिशवी त्यांनी आणली.

सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. अंकलनी आपली शेवटी टाकली. रिसेप्शनवरच्या रबियानं हात घातला आणि वरचीच उचलली.

“नॉरबर्ट!”

टाळ्या पडल्या. स्टोअरमधल्या शफीकनं त्यांना मिठी मारली. मीही ओरडलो.

अंकल हसले नाहीत. “पिशवी हलवली नव्हती,” ते म्हणाले. “माझी सगळ्यात वर होती.”

मग तेच त्यांनी हिंदीत सांगितलं.

“अरे चाचा, आ गया ना नाम! खलास!” शफीक म्हणाला. “लडकी की शादी है आपकी!”

अंकलनी चिठ्ठी घडी करून परत आत टाकली. पिशवी दोन्ही हातांनी हलवली. पुष्कळ वेळ. मग रबियापुढे धरली.

अकाउंट्समधल्या देवव्रतचं नाव आलं. त्याला पुण्यात फ्लॅट बघायचा होता. त्यानं खाली बघितलं आणि चिठ्ठी खिशात घातली.

परतीच्या बसमध्ये मी अंकलच्या शेजारी बसलो.

“कुणी काही म्हणत नव्हतं, अंकल. मग का?”

“तेच तर. हाउजीत लोक ओरडतात, ‘शेक द बॅग!’ शिव्या देतात मला. इथं कुणी ओरडलंच नाही रे.”

फोन वाजला. त्यांच्या बायकोचा, आयरीन आंटींचा. त्यांनी तो वाजू दिला, मग घेतला.

“ऑल्विनला सांग,” ते म्हणाले. “एस्थरचा हात धरून चर्चमध्ये माझ्या जागी तोच तिला नेईल, मामा आहे तिचा.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“नाही गं. माझं नाव आलंच नाही.”

फोन खिशात ठेवून त्यांनी काचेला डोकं टेकलं.