आंबिलीच्या पातळीचा बांध

आमच्या रानाची सुधारणा करायची असं मी ठरवलं, तेव्हा रानाला कुणी विचारलं नव्हतं.

आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. मी लातूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस! शहरात जिकडे पाहावं तिकडे काहीतरी चाललेलं. इथे नवं ऑफिस, तिथे रस्त्याची आखणी, पलीकडे पाटी रंगवणं. हे पाहून माझे हात शिवशिवत. सगळा जिल्हा सुधारतोय आणि आमचं चाकूरजवळचं रान मात्र आजोबांनी सोडलं तसंच उतरणीवर पडून राहिलंय, हे मला बघवेना. (रानाला उठून बसता येत नाही, हे मला कळत होतं. पण कळणं आणि स्वस्थ बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.)

त्यात दुष्काळ. आमच्या विहिरीच्या तळाशी बेडूकसुद्धा राहायला तयार नव्हते. पाणी नाही म्हणून माय लाडकी म्हैस आपल्या भावाकडे, उदगीरला, ठेवून आली होती. आल्यापासून ती रोज गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीकडे बघायची आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच प्रश्न विचारायची.

"म्हस कधी आणायची व?"

"हिरीला पाणी आलं की."

"अन् हिरीला पाणी कधी येतंय?"

यावर आप्पा पटका डोक्याला गुंडाळून उगाचच रानात निघून जायचे.

अशा घरात मी नाताळच्या सुट्टीत पोहोचलो ते शिबिरातलं ताजं ज्ञान घेऊन. आमच्या कॉलेजच्या श्रमदान शिबिरात एका साहेबांनी समपातळीचा बांध दाखवला होता. उतारावर आडवा, सगळीकडे एकाच उंचीवर बांध घातला की पाणी त्याच्यामागे थांबतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरीला येतं. मी हे जेवताना सांगितलं. आप्पांनी भाकरी चावणं थांबवलं.

"खरंच येतंय का रे?"

"साहेबांनी सांगितलंय, आप्पा."

"मग म्हस येईल?" मायने विचारलं.

शिबिरात म्हशीबद्दल काही सांगितलं नव्हतं. पण मायचा चेहरा बघून म्हणालो, "येईल."

झालं! आता त्या म्हशीला आणायची जबाबदारी माझी होती.

एक अडचण होती. आमच्या शेजारचं रान काकांचं, म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाचं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे दोन रानांच्या हद्दीवर, एक बोरी आहे. तिची बोरं कुणाची यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे एकमेकांशी बंद. बैलांशी चालू होतं. बांधाची बातमी शिवारात पसरली तसं आप्पा धुऱ्याजवळ आमच्या बैलाला मोठ्याने म्हणाले, "माणक्या, आपल्या हिरीला आता पाणी येणार हाय. काही लोकांच्या पोटात दुखंल, तू तिकडं बघू नको!"

पलीकडून काका त्यांच्या बैलाला म्हणाले, "पाखऱ्या, हसू नको. पोरगं कालेजात हाय, त्याला वाईट वाटंल."

आता तर बांध होणं भागच होतं.

मी ओळखीच्या गवंड्याकडून पारदर्शक नळी मागून आणली. नळीत पाणी भरायचं, एकेक टोक दोघांनी धरायचं आणि दोन्हीकडचं पाणी जिथे सारखं तिथे खूण करायची. इतकं सोपं! मायने पिण्याच्या घागरीतलं पाणी मन घट्ट करून दिलं. दुसरं टोक धरायला आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, तयार झाली. ती वेळ अमावस्येसाठी माहेरी आली होती आणि हात रिकामा ठेवणं तिला कधीच जमलं नाही. आम्ही रानभर फिरलो, जागोजागी दगड ठेवले आणि ते लांबून दिसावेत म्हणून मी प्रत्येक दगडाला चुना फासला. संध्याकाळी उतारावर अशी देखणी पांढरी रांग पडली की मला स्वतःचाच हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी घरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, भज्जी-भाकरी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पोटभर खायची-प्यायची. दुष्काळ म्हणून कोपी खुज्या झाल्या होत्या, पण सण कुणी सोडला नव्हता. मी पाहुण्यांना आणायला चाकूरच्या स्टँडवर गेलो. एसटी उशिरा आली. पाहुण्यांना घेऊन रानात शिरलो, उताराकडे पाहिलं आणि पाहुण्यांची पिशवी तिथेच टाकली.

रांग नव्हती!

"आत्या! माझे दगड कुठं गेले?"

"दगड काय म्हणतूस रे? पांडव म्हण!"

मी शिवारावर नजर फिरवली. प्रत्येक कोपीत पाच-पाच पांढरेशुभ्र पांडव बसले होते. माझे!

"समद्यांला वाटून टाकले," आत्या पाहुण्यांसमोर अभिमानाने सांगू लागली. "मी तर सांगायले, आमचा इस्वनाथ कालेजात जाऊन बी देव इसरला न्हाई. साऱ्या शिवाराचे पांडव यकट्यानं रंगवले! तुझ्या काकाला बी पाच दिले. तो बी माझाच भाऊ हाय."

"आत्या, काल तू माझ्याबरोबर होतीस ना? ती बांधाची खूण होती!"

"मला वाटलं, तू पूजेसाठी मोजून ठिवायलास."

मी जवळच्या कोपीकडे धावलो. तिथे हळद-कुंकू लागलं होतं, नैवेद्य दाखवला होता. मी एका दगडाला हात लावताच आतून आवाज आला, "आरं, भीमाला कामून उचलतूस?"

मी भीमाला खाली ठेवलं.

एवढ्यात मागे आप्पांचा आवाज चढला. भावकी जेवायला बसली होती आणि आप्पा (माझी रांग उठून पूजेला बसलीय हे त्यांना कुठं माहीत!) सगळ्यांना सांगत होते, "उद्या सकाळी समद्यांनी कुदळी घिऊन या. पोरानं आखून ठिवलंय. हिरीला पाणी आणायचं हाय!" माय पंक्तीत वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मला अख्खी म्हैस दिसली.

आता सांगायचं तरी काय? दिवस मावळायच्या आत पुन्हा मोजणं भाग होतं. उद्या नळीसुद्धा परत द्यायची होती. मी घागरीपाशी गेलो. पाहुण्यांनी घागर कोरडी केली होती.

"माय, थोडं पाणी?"

"टँकर उद्या येतंय. आंबील हाय बघ, पाहिजे तर."

मी आंबिलीच्या मडक्यात डोकावलो. ताक उसनं आणलेलं, म्हैस उदगीरला. त्यामुळे त्या वर्षीची आंबील इतकी पातळ होती की तिच्यातून मडक्याचा तळ दिसत होता. माझ्या मनात विज्ञान जागं झालं. द्रव तो द्रवच! (हे वाक्य मी पुढे परीक्षेतही लिहिलं. तिथेही त्याचा उपयोग झाला नाही.) मी आंबील धोतराच्या फडक्यातून गाळली आणि नळीत भरली.

"आत्या, टोक धर. या वेळेला नीट!"

"नीट म्हंजी? काल का वाकडं धरलंतं मी?"

आम्ही पुन्हा निघालो. आत्या काकांच्या धुऱ्याच्या बाजूने, मी वरच्या बाजूने. नळीतली आंबील जरा आळशी वाटत होती. हलायलाच तयार नाही. पण मला वाटलं, आंबील आहे, पाण्याइतकी चपळ कशी असेल? दिवस मावळत होता, मी ओरडत होतो, "आत्या, खाली! अजून खाली! बास!" आणि आत्या प्रत्येक खुणेला "हाव, हाव" म्हणत होती. या वेळी दगडांना चुना लावला नाही.

सकाळी भावकीने बांध घालायला सुरुवात केली. आप्पांनी तर उन्हाळाभर टोपली सोडली नाही. मी कॉलेजला गेलो तरी जीव रानात. दर शनिवारी एसटी पकडून यायचो, बांधावरून फेऱ्या मारायचो, आभाळाकडे बघायचो, परत जायचो. माय उदगीरला निरोप धाडायची, "म्हशीला सांगा, जवळ आलंय."

शेवटी आर्द्रा नक्षत्रात एका दुपारी पाऊस कोसळला. आम्ही सगळे पोती डोक्यावर घेऊन रानात धावलो. उतारावरून पाणी खाली आलं, बांधाला भिडलं आणि थांबलं! आप्पांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की मी गुडघ्यावर बसलो.

तिथून मला नीट दिसलं. पाणी थांबलं नव्हतं. ते वळलं होतं. बांधाच्या कडेकडेने, अगदी शिस्तीत, आखून दिल्यासारखं (आखून दिलंच होतं!) धुऱ्याकडे निघालं, बोरीच्या मुळाशी धुरा फोडून पलीकडे उतरलं आणि धबाधबा काकांच्या विहिरीत पडू लागलं. आमच्या विहिरीत फक्त वरून पडेल तेवढाच पाऊस पडत होता.

मी हळूच म्हणालो, "आत्या, त्या दिवशी नळी कशी धरलीस?"

"कशी म्हंजी? तोंडावर आंगठा घट्ट दाबून! आंबील परसाद असतीया, सांडून पायाखाली आली तर? एक थेंब सांडू दिला न्हाई बघ!"

नळीचं तोंड बंद केलं तर पातळी कळत नाही, हे साहेबांनी शिबिरात सांगितलं होतं. मी ते आत्याला सांगितलं नव्हतं.

धुऱ्यावर काका येऊन उभे राहिले. बैल घरी होता. बोलायचं कुणाशी? त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि शेवटी बोरीला म्हणाले, "बोरीबाई, सांग तुझ्या मालकाला. म्हस घिऊन या म्हणावं उदगीरहून. पाणी त्यांच्याच रानातलं हाय."

आप्पांनी ऐकलं. डोक्यावरचं पोतं सावरलं. मग घसा खाकरून बोरीकडेच बघत म्हणाले, "सांग त्याला. बोरं बी निम्मी-निम्मी करू म्हणावं."

चार दिवसांनी म्हैस आली. काकांच्या विहिरीवर ती इतकं पाणी प्यायली की माय हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. आप्पांनी मला फक्त एवढंच विचारलं, "कालेज अजून किती वर्षं हाय रे?"

मला वाटलं, शिवारात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पण झालं उलटंच. आता मी सुट्टीत गेलो की कुणी ना कुणी शेतकरी गुपचूप गाठतोच.

"इस्वनाथ, यंदा बांध आखून पाहिजे."

मी हुरूपाने वही काढतो. "तुमच्या रानात ना?"

"माझ्या न्हाई रं बाबा! माझ्या वरल्या शेजाऱ्याच्या रानात, म्हंजी पाणी माझ्या हिरीत! आंबील मी देतो. फकस्त आत्याला संगं आण!"