ताटातले तांदूळ

माझं नाव सातासमुद्रापलीकडून आलं होतं. धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात आई बाळंतपणात अडली, तेव्हा तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या आयर्लंडच्या नर्सबाईंनी आम्हा दोघींना वाचवलं. आईनं त्यांचंच नाव मला ठेवलं. ते फार जुनं. मुळात चुलीच्या नि दुभत्या गाईंच्या देवीचं, पुढं एका ख्रिस्ती संत बाईचं. त्यांच्या देशात घरोघरी एक तरी असते, असं बाईंनी मोडक्या मराठीत सांगितलं होतं. आई म्हणायची, "चूल अन् गाई? मंग आपलंच झालं की ते!" ते नाव इथं लिहायला माझा हात धजत नाही.

तिकडं घरोघरी, इकडं मी एकटीच. मास्तर हजेरी घेताना अडखळायचे, पोरी चिडवायच्या. मला मात्र त्याचा भारी तोरा.

सोयरीक उंद्रीला जमली. पाहायला आलेल्या मुलाला मी एवढंच विचारलं, "माहं नाव तं नाही ना बदलणार?" तो हसून म्हणाला, "नाही बदलत."

लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. त्यात नवरदेवानं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. त्याचा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "काय पाहून राह्यला? लिही." आणि त्यानं मुकाट लिहिलं. महाराष्ट्राला नुकतंच हवं ते नाव मिळालं होतं. मला कोण विचारतंय!

नवं नाव तेव्हा इतकं चालायचं, की आमच्या गल्लीतच त्या नावाच्या तिघी होत्या. विहिरीवर हाक आली की तिघी वळायच्या. मी चौथी, वळायची नाही, म्हणून बहिरी ठरले.

पहिल्यांदा माहेरी गेले, तर आईनं दारातच नव्या नावानं हाक मारली. "काऊन वं माय, तू बी?" ती म्हणाली, "सवय लागू दे. त्याहिच्यासमोर जुनं निघालं तं तुलेच बोलतीन." नवऱ्याला मी पुढं माफ केलं. आईला नाही केलं.

मुलाचं लग्न झालं तेव्हा ताट मीच मांडलं. नवी सून माझ्या कानाशी लागली, "आत्याबाई, माहं नाव राहू द्या नं." सगळी भावकी बघत होती. मुलाचा हात तांदळावर थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"काय पाहून राह्यला?" मी म्हणाले. "लिही."