रोह्याच्या गाडीचं पॅकिंग

माझ्या नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने खुर्चीवर बसायचं नाही. पेणला आमचं मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ते कोण चालवणार, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. हे म्हणाले, चुलतभावाला देऊ. मी म्हटलं, मी बसते.

"तुला काय कळतंय गो त्यातलं? ते काय बांगड्यांचं दुकान हाय?"

"कळत नाय म्हणूनच बसते. बसल्याशिवाय कसं कळंल?"

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मी किल्ल्या घेतल्या.

पहिले काही आठवडे सोपे गेले. प्लग, क्लचची केबल, ब्रेकचे शू, सगळ्या खोक्यांवर ह्यांच्या अक्षरात नावं होती. गिऱ्हाईक नाव सांगायचं, मी खोका काढायचे. अडायला व्हायचं ते इंजिनच्या गॅस्केटपाशी. इंजिनच्या दोन लोखंडी भागांच्या मधे बसणारी ती पातळ चकती, आतली हवा आणि ऑइल बाहेर फुटू नये म्हणून. आमच्याकडे तिला सगळे पॅकिंगच म्हणतात. नव्या गाड्यांचा पूर्ण सेट पाकिटात येतो. पण वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांचं पॅकिंग कंपन्यांनीच बंद केलेलं, जो तो हाताला लागेल ते बसवतो.

त्यातच तो रोह्याचा माणूस आला. चाळिशीचा, रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत शिफ्टला जाणारा. गाडी त्याच्या वडिलांची, शंभर सीसीची. हेडपाशी, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणापाशी, फुसफुस आवाज येत होता. रोह्यात पॅकिंग मिळेना म्हणून तो पेणला आला होता. त्याने मॉडेलचं नाव सांगितलं, मी त्या नावाचं पाकीट दिलं. पाकिटावर तेच नाव, तोच नंबर. माझ्या दृष्टीने विषय संपला.

आठवड्याने तो जळकं पॅकिंग घेऊन आला. मी त्याच मॉडेलचं दुसऱ्या, चांगल्या बनावटीचं दिलं. ते चार दिवस टिकलं.

दुसऱ्यांदा तक्रार घेऊन आला तेव्हा दुकानात आणखी दोघं उभे होते. त्याने ती काळी चकती काउंटरवर आपटली.

"वहिनी, सकाळच्या शिफ्टला अर्ध्या वाटेत गाडी बंद. कंपनीपर्यंत ढकलत नेली मी. माल नाय तर नाय म्हणा ना सरळ!"

उभ्या असलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मालक दुकानात नाय तवर असंच व्हनार."

हळू बोलला, पण मला ऐकू यावं इतपत. माझे कान तापले. वाटलं, दुसरं काहीतरी देऊन ह्याला वाटेला लावावं. पण तेवढ्यात त्या चकतीकडे नजर गेली आणि मी म्हटलं, "पहिलं जळकं पण हाय का तुमच्याकडं? दोन्ही माझ्यापाशी ठेवा. आणि दोन दिवस द्या मला."

घरी जाऊन मी दोन्ही चकत्या ह्यांच्या उशाशी ठेवल्या.

"मेकॅनिकनं नीट आवळलं नसंल," हे म्हणाले. "मिटव विषय."

"नीट आवळलं नसतं तर एका बाजूनं जळलं असतं ना? हे बघा. आतली कड सगळीकडून जळलेय. आणि दोन्हींची सारखीच."

ह्यांनी चकती हातात घेऊन दिव्याकडे धरली.

"माझं म्हणणं, पॅकिंग बरोबर हाय, त्याचं इंजिनच वेगळं हाय," मी म्हटलं. "बघायला पायजे."

"मग जा रोह्याला!"

ते चिडून म्हणाले होते. मी मात्र त्या माणसाला फोन लावला आणि त्याच्या सुट्टीचा दिवस विचारून घेतला. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

पेणवरून रोह्याची एसटी पकडली. पिशवीत ह्यांचं माप घ्यायचं व्हर्नियर आणि पातळ कागदाचे चार ताव. माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, घरी गणपतींचा कारखाना. साच्याच्या दोन भागांत केसाएवढी फट राहिली तरी बापाच्या नजरेतून सुटायची नाही, आणि ती शोधायचं काम लहानपणी आम्हा बहिणींचं. तेवढ्याच शिदोरीवर मी निघाले होते. मोटरसायकलचं इंजिन उघडलेलं मी तोवर जवळून पाहिलं नव्हतं. वाटेत नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा एकदा मनात आलं, इथूनच परतावं. उतरले नाही.

गॅरेजवाला पन्नाशीचा, हाताने चोख पण तोंडाने फटकळ. त्याने हेड उघडून ठेवलं होतं.

"पेणवरून बाई पॅकिंग बघायला आली, पयल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "गाडीचं मॉडेल तेच, नंबर तुमच्याच पाकिटावरचा. बघनार काय?"

"आधी ती पेस्ट खरवडा."

त्याने पॅकिंग धरावं म्हणून वरून चिकट पेस्ट थापली होती. पुटपुटत त्याने पातं घेतलं आणि हेडखालच्या ब्लॉकचा माथा साफ केला. मी कागद त्यावर सपाट ठेवला आणि तळव्याने दाबत फिरवला. ऑइलचा डाग कागदावर उमटत गेला. मधे पिस्टनचं मोठं भोक, भोवती हेड आवळायच्या चार स्टडच्या जागा, बाजूला इंजिनातल्या चेनची चौकोनी वाट. मग जळकी चकती त्या ठशावर ठेवली. चारही स्टड बरोबर जुळले. मधलं भोक मात्र जुळेना. चकतीची कड सगळीकडून तांदळाच्या कणीएवढी आत येत होती. तेवढी कड इंजिनच्या पेटत्या जागेत लोंबत होती, आणि तेवढीच जळाली होती.

गॅरेजवाल्याने माझ्या हातातून व्हर्नियर घेतलं. ब्लॉकचं माप घेतलं, चकतीचं घेतलं, पुन्हा ब्लॉकचं घेतलं.

"आयला, ब्लॉकच दुसऱ्या गाडीचा हाय."

त्या माणसाने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हाताऱ्यांना नीट आठवत होतं. "व्हय, मागं एकदा इंजिन जाम झालं व्हतं. तवा गॅरेजवाल्यानं मोठ्या गाडीचा ब्लॉक बसवला. बोलला, बापानू, आता चढाला जोरात जाईल. का रं, काय झालं?"

म्हणजे तेव्हाच्या गॅरेजवाल्याने पॅकिंगही मोठ्या गाडीचं घातलं होतं, म्हणून इतकी वर्षं चाललं. यंदा हेड उघडलं आणि आम्ही सगळे गाडीच्या नावावर गेलो.

"पन ते मोठं मॉडेल कवाच बंद झालं," गॅरेजवाला म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "त्याचं पॅकिंग मिळायचं नाय, वहिनी. गाडी भंगारात दिलेली बरी."

त्या माणसाने गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

"ठसा माझ्यापाशी हाय," मी म्हटलं. "शोधते."

पुढचे तीन दिवस गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी जुने खोके उपसत होते. एकेक पॅकिंग ठशावर ठेवायचं आणि दारातल्या उजेडात बघायचं. एक जवळजवळ जुळलं. भोक बरोबर, स्टड बरोबर, फक्त चेनच्या वाटेपाशी कड थोडी आत होती. घरी दाखवलं तर हे म्हणाले, "तेवढं कापून टाक. चालंल."

"चालंल म्हणून दोनदा दिलं. आता नको."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळ्यात खालच्या फळीवर, ऑइलच्या डब्यांमागं एक पत्र्याचा डबा हाय. बिननावाचा माल हाय त्यात. बघ जरा."

डब्यात पाकीट नसलेली, सुतळीने बांधलेली पॅकिंगं होती. त्यातली दोन ठशावर ठेवली आणि तशीच दारातल्या उजेडात नेली. भोक, स्टड, चेनची वाट, सगळं रेषेवर रेष. पण एकाला मधोमध घडी पडली होती, आणि घडी पडलेलं हेडचं पॅकिंग दाबून सरळ होत नाही. म्हणजे हाताशी एकच उरलं.

मी ते दोन पुठ्ठ्यांमधे ठेवून मांडीवर धरून रोह्याला नेलं. या वेळी गॅरेजवाल्याने न सांगता हेड घासून साफ केलं होतं. मी काचेचा तुकडा मागवला आणि हेड त्यावर पालथं ठेवून सगळ्या बाजूंनी फट बघायला लावली. फट नव्हती. ब्लॉकही त्याने उचलून काढला होता; त्याच्या खालचं पॅकिंग साध्या कागदी शीटचं असतं. ते मी तिथेच खालच्या बाजूचा ठसा घेऊन कात्रीने कापून दिलं. त्याने समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले. एकदम एका बाजूने आवळलं तर चकती सरकते, हे त्यानेच मला शिकवलं.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. गॅरेजवाल्याने हेडभोवती बोट फिरवलं, बोट कोरडंच. त्या माणसाने ॲक्सिलरेटर सोडला, आवाज एकसारखा राहिला. तरी आम्ही तिघंही चांगली दहा मिनिटं नुसते ऐकत उभे होतो.

पंधरा दिवसांनी तो वडिलांना मागे बसवून पेणला आला. दुकानासमोर गाडी बंद न करताच म्हातारे मोठ्याने म्हणाले, "येताना चढाला एकदा पन दम नाय लागला!" मी त्यांना आत बोलावून चहा दिला.

त्यानंतर रोह्याच्या त्या गॅरेजमधून लोक हातात ऑइलचा ठसा उमटलेला कागद घेऊन यायला लागले. मीही नुसत्या नावावर जुन्या गाडीचं पॅकिंग देणं बंद केलं. जुनं पॅकिंग आणा, नाहीतर ठसा आणा. काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

हे आता दिवसातले चार तास दुकानात बसतात, पाठीला उशी लावून. गेल्या आठवड्यात हमरापूरचे एक गृहस्थ आले. गाडी इतकी जुनी की तिचं नाव आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मिळायचं नाय." मी त्यांच्याकडून ठसा घेतला, तारीख टाकली आणि काउंटरच्या काचेखाली ठेवला. पनवेलच्या दोन दुकानांना फोटो पाठवलेत. अजून कुणाचा होकार नाही. सोमवारी मी स्वतःच पनवेलला जाऊन बघणार आहे.