राउटरच्या खालचा स्टिकर

सकपाळ सर गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरतोय. फिरू दे. मी खरं काय ते सांगतो.

सरांनी मला वरंधच्या शाळेत मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावला. मी अडखळलो की म्हणायचे, "वाचतोयस का शेतातले दगड वेचतोयस?"

पोरं हसायची. सर त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबायचे. मग शांतपणे, "हं. पुढचा दगड उचल."

तेव्हापासून मी दगड्या. माझं नाव महेश आहे हे बऱ्याच जणांना लग्नाच्या पत्रिकेत कळलं. तुमच्यातल्या अर्ध्यांच्या फोनमध्ये माझा नंबर आजही दगड्या म्हणूनच सेव्ह आहे.

त्यांची एक शिस्त होती. एकदा नीट वाचलं की परत वाचायचं नाही. परत वाचणाऱ्याचं लक्ष नसतं म्हणायचे.

रिटायर झाल्यावर सरांना कॉम्प्युटरचा नाद लागला. घरी ब्रॉडबँड आलं. कंपनीने दिलेल्या राउटरला अपडेट येणं बंद झालं, आणि सरांचं डोकं फिरलं.

"ज्या डब्याचं झाकण मालकाला उघडता येत नाय, तो डबा आपला नाय," म्हणाले.

त्यांना असा राउटर हवा होता ज्यावर ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही उघडून बदलता येणारं सॉफ्टवेअर चढतं. महिनाभर वाचन केलं. वहीत टिपणं काढली. हा नाद नुसती हौस नव्हती. सरांचे वडील शेवटी स्वतःचं नाव विसरले होते, आणि आपलंही तसंच होणार ही सरांना एकच भीती होती. मला स्वतःच बोलले होते एकदा. "हे जमलं ना, तर समजायचं डोकं अजून ठिकाणावर हाय."

एसटीने बिरवाडीला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. हातात चिठ्ठी. मॉडेलचं नाव, आणि खाली दोनदा अधोरेखित: फक्त व्हर्जन दोन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाच मॉडेलचे तीन-चार व्हर्जन निघतात. खोकं तेच, रूप तेच, आतली चिप वेगळी. एका व्हर्जनचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चढवलं की राउटर मेला. व्हर्जन कळतं ते फक्त राउटरच्या खालच्या स्टिकरवर, मुंगीएवढ्या अक्षरात.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी त्या मॉडेलचं खोकं काढून दिलं, त्यांनी आतला राउटर उलटा करून माझ्यासमोर धरला.

"दगड्या, वाचून दाखव रे. बघू सुधारलायस का."

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. सगळी हसली. सर थांबले, हसणं संपेपर्यंत.

स्टिकरवर चार होतं.

मी मोठ्याने, स्पष्ट, एकदाही न अडखळता वाचलं. "व्हर्जन दोन, सर."

"शाब्बास," सर म्हणाले. मला मजा आली. खोटं कशाला बोलू, आठवडाभर मजा येत होती.

पंधरा दिवसांनी परत आले. पिशवीत मेलेला राउटर. प्लगला लावून बघितला, नुसता एक लाल दिवा लुकलुकत होता.

"काय चुकलं कळत नाय रे. राउटरने सॉफ्टवेअरची फाइल घेतलीच नाय आधी. चुकीची फाइल म्हणत होता. मी म्हटलं असं कसं, व्हर्जन तर बरोबर हाय. मग रिकव्हरीतून जबरदस्तीने चढवली."

मशीन त्यांना खरं सांगत होतं. सरांनी मशीन खोटं ठरवलं, कारण मी वाचून दाखवलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "एखादी स्टेप विसरला असाल, सर. वय झालं की होतं."

सरांनी प्लग काढला, वायर गुंडाळली. मग म्हणाले, "होय रे. सुरू झालं म्हणायचं."

मी कंपनीचा साधा राउटर पुढे केला. त्यांनी काही न विचारता पिशवीत टाकला. खाली उलटा करूनही बघितला नाही.

चार महिन्यांनी सर झोपेत गेले. हार्ट अटॅक. राउटरने माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांची मुलगी वैशालीताई दुकानात आली. त्यांची वही घेऊन. "दादा, बाबांनी शेवटी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. हे तुमच्याबद्दल काय लिहिलंय?"

एका पानावर होतं: व्हर्जन दोन. महेशने वाचले.

त्याखाली: फाइल नाकारतो आहे. महेशने नीट वाचले होते. चूक माझीच.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला महेश म्हटलं होतं, तेही वहीत.

पुढची पानं ताईने उलटली. रोज सकाळची तारीख, आणि खाली तीन ओळी. स्वतःचं पूर्ण नाव. बायकोचं नाव. गावाचं नाव. चार महिने, एकही दिवस न चुकता, म्हातारा स्वतःची परीक्षा घेत होता. एकाही पानावर चूक नव्हती.

"काय माहीत, ताई," मी म्हणालो आणि वही मिटून परत दिली.

वैशालीताई, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. हाही भेकडपणाच आहे. आईंना वाचून दाखवा. नीट, एकदाच.

खाली कुणी मला "मन मोठं केलंस" वगैरे लिहू नका. आणि सर फार प्रेमळ होते असंही लिहू नका. नव्हते. मी त्यांच्यापेक्षा वाईट निघालो, एवढंच.

सर, तिथे चार लिहिलं होतं.

तुमचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं.

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. नमस्कार करतो.

— दगड्या