शुभदाताईंची शंका आणि आमच्या क्लबचा बर्फ

शुभदाताई गाडगीळ यांची आणि माझी पहिली भेट ग्लासगोजवळच्या आमच्या कर्लिंग क्लबात झाली. ती फारशी प्रेमळ नव्हती. नोकरीसाठी नागपूरहून आलेला मी, बर्फावरून जड दगड नेम धरून सरकवण्याचा आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासण्याचा हा खेळ शिकायला गेलो होतो. मराठी आडनाव ऐकून ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “खेळायला आलात की ओळखी वाढवायला?” खेळायला, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. हिवाळाभर मी नेमाने येत राहिलो, तेव्हा कुठे त्यांनी मला आपल्या संघात घेतलं.

ताई भूलतज्ज्ञ. यंत्र तपासून झालंय असं कुणी सांगितलं, तरी त्या ते पुन्हा स्वतः तपासत, असं त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर सांगतात. निवृत्तीनंतर हीच नजर क्लबाकडे वळली.

आमच्या क्लबाला स्वतःचा बर्फ नाही. स्केटिंगच्या रिंकवर आम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ भाड्याने घेतो. दिवसभराच्या स्केटिंगने बर्फावर चरे पडलेले असतात, त्यामुळे सरळ सोडलेला दगड भलतीकडेच जातो. रिंकवर एखादी पार्टी ठरली की आमची संध्याकाळ रद्द. वयस्क सभासद एकेक करून येईनासे झाले होते. वेगळा हॉल मिळाला नाही तर क्लब टिकणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

अशात केनेथ या निवृत्त बांधकाम ठेकेदारांनी नदीकाठचं आपलं रिकामं गोदाम क्लबाला जवळजवळ फुकट देऊ केलं. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. एवढी मोठी जागा आम्हालाच का, असं त्यांनी विचारलं. “क्लबसाठी,” एवढंच केनेथ म्हणाले आणि खाली बघू लागले. सभेनंतर कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या कुणाला श्रेय मिळालेलं डॉक्टरांना बघवत नाही, असं एकाने माझ्या कानात सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं.

त्या शनिवारी ताई मला घेऊन गोदामात गेल्या. भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, “वर जुना रंग, खाली नवा. अर्धी भिंत कोण रंगवतं हो?” शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी उलगडा केला. गेल्या हिवाळ्यात नदीचं पाणी आत शिरलं होतं. अशा जमिनीत बर्फ गोठवायचे पाइप घातले असते, तर पहिल्याच पुरात सगळं वाया गेलं असतं.

मला वाटलं, आता ताई सभेत केनेथना उघडं पाडणार. पण त्या मला घेऊन थेट त्यांच्या घरी गेल्या. चहा ओतणाऱ्या केनेथना त्यांनी शांतपणे विचारलं, “पाणी कुठवर आलं होतं?”

केनेथनी किटली खाली ठेवली. “कमरेपर्यंत.” मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या दिवंगत पत्नी मोइरा आमच्याच क्लबात खेळायच्या. क्लबाला नीट बर्फ मिळावा हा त्यांचा ध्यास होता. पुराचं सांगितलं तर क्लब नको म्हणेल अशी केनेथना भीती होती, आणि एवढी मोठी दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती.

ताईंनी किटली उचलून राहिलेला चहा स्वतःच ओतला. मग म्हणाल्या, “जागेबद्दलची माझी शंका खरी निघाली. तुमच्या हेतूबद्दलची खोटी. दोन्ही गोष्टी सभेत मीच सांगेन.”

आणि त्यांनी तसंच केलं. ज्यांनी त्यांच्या पाठीमागे कुजबुज केली होती, त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःची चूक आधी सांगितली आणि पुराची गोष्ट नंतर. शंका घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. घेतलेली शंका चारचौघांत परत घेणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

पुढे ताई आणि केनेथ यांनी मिळून कौन्सिलचा पिच्छा पुरवला आणि टेकडीवरची एक बंद पडलेली शेड क्लबासाठी मिळवली. सध्या तिथे जमिनीखाली पाइप घालण्याचं काम चालू आहे. केनेथ कामगारांना सूचना देतात आणि ताई केनेथना प्रश्न विचारतात.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे गुडघे साथ देत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, झोप शांत लागो. नव्या हॉलमधल्या गुळगुळीत बर्फावर पहिला दगड त्यांच्या हातून सुटावा, आणि पुढचे पुष्कळ हिवाळे आम्ही झाडू घेऊन त्यांच्या दगडापुढे धावत राहावं.