होड्यांच्या शेडमधला वास

तेहतीस वर्षांच्या नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीतला मुद्देमाल कुठे सापडला हे सांगायला मला जुनी टिपणं काढावी लागतील. हे प्रकरण मात्र टिपणांशिवाय सांगता येतं. त्याचं एक कारण असं, की त्यातली पहिली चूक माझी होती.

मी तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हरमलच्या अलीकडे एका गावात फायबरच्या होड्या बनवण्याची शेड होती. मालक स्थानिक. हाताखाली एक मुकादम, तीन कामगार आणि होडीच्या साच्याला घासून मेण लावणारी एक बाई. नावं कोणाचीच देत नाही. ही माणसं आजही त्याच भागात राहतात.

पर्यटकांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेव्हा ती बाई आली. पन्नाशीची, कोरड्या हाताची, बोलायला स्पष्ट.

"साहेब, आमच्या शेडीत वास कोंडता. पोरांची डोकी दुखतत. कोणतरी येवन बघूक व्हया."

"कसला वास, मावशी?"

"तो होडयेक लावचो चिकट रस आणि ब्रश धुवचा पाणी. आदी खिडक्यो उघड्यो असायच्यो. आता बंद केल्यानी."

आमच्या हवालदाराला हसू आलं. खरं सांगायचं तर मलाही आलं. मी म्हटलं, "वास मारतो म्हणून पोलीस येत नाहीत हो. पंचायतीत सांगा."

"पंचायतीत जावन इलंय. ते म्हणतत आरोग्य खात्यात जा."

"मग आरोग्य खात्यात जा."

ती गेली. स्टेशन डायरीत नोंद करावी असंही मला वाटलं नाही.

आठ दिवसांनी दुपारी एकच्या सुमारास शेडला आग लागल्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा अग्निशमन दलाचा बंब पाणी मारत होता. पुढची अर्धी शेड जळाली होती, मागची सामानाची खोली वाचली होती. एक कामगार भाजला होता. दोडामार्गकडचा, तिशीतला माणूस. बाकीचे पळाले तेव्हा तोही बाहेर आला होता, पण ब्रश धुवायच्या रसायनाचं, म्हणजे ॲसिटोनचं पिंप उघडं राहिलंय हे लक्षात येताच परत आत गेला आणि झाकण लावून आला. ते पिंप पेटलं असतं तर शेजारच्या पर्यटकांच्या खोल्यांपर्यंत आग गेली असती, असं अग्निशमन अधिकाऱ्याने मला तिथेच सांगितलं.

संध्याकाळी मालक ठाण्यात आला, सोबत मुकादम. मालकाची तक्रार अशी, की त्याच भाजलेल्या कामगाराने ब्रश धुताना विडी पेटवली आणि त्यामुळे आग लागली. मुकादम म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." कामगाराच्या खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात विड्यांचं बंडलही निघालं होतं. तक्रार, साक्षीदार, वस्तू, तिन्ही गोष्टी हातात. अशा वेळी तपास संपल्यासारखा वाटतो, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन अधिकाऱ्याला घेऊन पंचनाम्याला गेलो. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण कामात पक्का. मागच्या खोलीचं दार उघडलं तसा वासाचा लोटच अंगावर आला. गोडसर, उग्र, घशाला झोंबणारा. आम्ही पिंपं मोजली, झाकणं तपासली, फोटो घेतले. दहा-बारा मिनिटं गेली असतील. हवालदार म्हणाला, "साहेब, दार उघडल्यावर वास गेला बघा."

मलाही तसंच वाटत होतं. अधिकाऱ्याने कमरेचं छोटं यंत्र काढून जमिनीपाशी धरलं. ते टिटटिट करत सुटलं.

"वास गेला नाही," तो म्हणाला. "आपली नाकं थकली. चला, बाहेर जाऊ या."

आम्ही माडाखाली उभे राहिलो. वारा समुद्राकडून येत होता. पंधराएक मिनिटांनी त्याने आम्हाला परत दारापाशी नेलं. तोच उग्र वास पुन्हा तसाच नाकात शिरला. हवालदार चक्क दोन पावलं मागे सरला.

"नाक पहिल्यांदा खरं सांगतं," अधिकारी म्हणाला. "मग सवय होते आणि ते गप्प बसतं. आत काम करणाऱ्यांना वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं समजायचं नाही. काही वायू तर असे, की जास्त झाले की नाकच बधिर करतात. आणि या ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड. ती वर नाही जात, फरशीवरून पसरते. पेटवणारं काही दूर असलं तरी तिथवर पोचते."

त्याने जळालेल्या भागातली फरशी दाखवली. आगीचा सगळ्यात मोठा डाग ब्रश धुवायच्या कोपऱ्यात नव्हता. तो दारापाशी होता, आणि तिथून काळपट पट्टा जमिनीलगत आत गेला होता. दाराजवळच्या राखेत आम्हाला भाजक्या मातीचे तुकडे सापडले. घडा फुटला असेल असं समजून ते पंचनाम्यात नोंदवून सीलबंद केले.

तिथून मी इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी जबाब घ्यायची परवानगी दिली. कामगाराचे दोन्ही हात आणि गुडघ्याखाली पाय पट्टीत होते. उशाला त्याची बायको बसली होती. मी विडीचं विचारलं तर तो उठून बसायचा प्रयत्न करू लागला.

"मी विडी ओढत नाय, साहेब. तंबाखू खातंय. हिका विचारा."

बायको म्हणाली, "त्यांचो सदरो मी दर आयतवारी धुतंय. विडी कधी गावली नाय माका."

बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच. तो पुरावा नव्हे. मी जबाब लिहून घेतला आणि उठताना त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. झुपकेदार मिशी होती त्याला. एक केसही होरपळलेला नव्हता. भुवया शाबूत, पापण्या शाबूत. वाफेने भरलेल्या शेडमध्ये याने तोंडाशी काडी पेटवली असती, तर पहिली मिशी गेली असती. ही आग त्याच्याकडे पायाकडून आली होती.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं आणि जखमांच्या अहवालात ते स्पष्ट लिहून दिलं.

आता मला त्या बाईची आठवण टाळता येईना. मी तिला ठाण्यात बोलावलं नाही, तिच्या घरी गेलो. अंगणात ती काजूची वाळलेली लाकडं रचत होती. मला बघून तिने पदर खोचला आणि उभी राहिली.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुमचं ऐकलं नाही. माझी चूक झाली."

तिने क्षणभर माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, "बसा. पाणी हाडतंय."

तिची माहिती तपासाला कलाटणी देणारी ठरली. शेजारच्या खोल्या भाड्याने देणाऱ्याने वासाची कटकट केली होती. पर्यटक खोली सोडून जात होते. म्हणून मालकाने त्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या, हवा बाहेर फेकणारा पंखा बंद केला. वास आतच राहिला.

"तुम्हाला यायचा वास, आणि बाकीच्यांना नाही?"

"माका जेवच्यासाठी घराक जावन येवची सवय. दुपारी भायरसून इलंय की नाकात भसकन जाय. ते पोरगे थयच जेवत. त्यांका काय कळतला?" तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "माझ्या बापाशीची काजूची भट्टी होती. फेणी काढताना तो माका सांगी, वास इलो की इस्तू लांब ठेव, नायतर पेट घेतली. तेवढा माका कळता."

"आग लागली त्या दुपारी?"

"मी परत येय होतंय. दाराकडे धुपाचो वास. मी म्हटलं, ह्या आणि काय नवीन? मुकादम दारात वाकलेलो दिसलो. इतक्यात भक्क करून जाळ आत गेलो."

धूप. सीलबंद केलेले मातीचे तुकडे म्हणजे धुपाटणं होतं.

मुकादमाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बोलावलं. माझा अनुभव असा, की घाबरलेल्या माणसावर ओरडलं तर तो आपल्या खोट्यालाच घट्ट धरून बसतो. मी चहा मागवला. तो पिऊ दिला.

"आग लागायच्या आधी आत वास होता का?"

"नाय साहेब. बिलकूल नाय."

"नक्की?"

"आवशीची शपथ."

"मग धूप कशाला घातलात?"

कप त्याच्या हातात तसाच राहिला.  मी इस्पितळाचा अहवाल उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि त्या कामगाराच्या मिशीची गोष्ट सांगितली. मातीच्या तुकड्यांचा फोटो दाखवला. मग तो रडू लागला.

खोल्या भाड्याने देणारा शेजारी त्या दुपारी पंचायतीच्या माणसांना घेऊन येणार होता. मालकाने फोन करून सांगितलं होतं, काहीतरी करून वास मार. मुकादमाने घरून धुपाटणं मागवलं, करवंटीचे निखारे घातले आणि दारात ठेवून बाहेरून पुठ्ठ्याने वारा घातला. निखारे फुलून ज्वाळा वर आली. पुढचं आपल्याला माहीत आहे. आग विझल्यावर मालकाने आणि त्याने मिळून विडीची गोष्ट रचली. बंडल मुकादमाचं स्वतःचं होतं.

"पण वास माका खरंच येत नव्हतो, साहेब," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सकाळी आठ वाजल्यापासून मी आतच होतंय. वास असता तर मी इस्तू पेटवलंय असतंय काय? माझी माणसा आत होती."

एवढं मात्र मी मानलं. आदल्याच दिवशी माझंही नाक गप्प बसलं होतं. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर आणि मालकावर दाखल झाला, खोटी माहिती दिल्याचाही. कामगाराचं नाव संशयितांतून काढून साक्षीदारांत घातलं. इस्पितळात जाऊन ते मी स्वतः त्याला सांगितलं. त्याच्या बायकोने पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातात दिलं आणि मी ते तिथेच उभ्याने खाल्लं.

कोर्टात दोघांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. कामगाराच्या उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी मालकावर आली. पण माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतर घडली. कारखाना निरीक्षकाच्या अटी मान्य करून मालकाने मोपाकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, नवीन शेड बांधली. दोन बाजू मोकळ्या, हवा ओढणारे पंखे जमिनीलगत, वाफ मोजणारं यंत्र भिंतीवर. दोडामार्गचा कामगार पाच-सहा महिन्यांनी परत कामावर आला. बोटं थोडी आखडली होती, पण ब्रश धरता येत होता. मुकादम पुन्हा मुकादम झाला नाही. तो साधा कामगार म्हणून राहिला, आणि पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर त्या कामगाराची माफी मागितली, असं मला नंतर कळलं. देखरेखीचं काम मालकाने कोणाला दिलं असेल, हे सांगायची गरज नाही.

नव्या शेडच्या पूजेचं मला आमंत्रण होतं. मी गेलो तर दारातच भटजी आणि बाईची जुंपली होती.

"समई आत नको, भटजीनु."

"अगो, दिव्याशिवाय पूजा कशी होतली?"

"मगे पूजाच भायर करूया. सत्यनारायणाक वारो लागलो तर काय बिघडना नाय."

 मालकाने स्वतः चौरंग उचलला आणि पन्नास पावलांवर आंब्याखाली नेऊन ठेवला. पूजा तिथे झाली. प्रसाद वाटताना मी बाईला भिंतीवरच्या यंत्राबद्दल विचारलं. आता नाकाला काम उरलं नाही ना?

"नाक असता आपल्या जाग्यार," ती म्हणाली. "तासान् तासान् मी सगळ्यांका भायर काढतंय आणि परत येताना हुंगूक लावतंय. पण यंत्र बरा हां, साहेब. त्याका सर्दी होत नाय."

या प्रकरणाने मला बरंच शिकवलं. जबाब घेताना मी काय पाहिलं, काय ऐकलं एवढंच विचारत असे. त्यानंतर कसला वास आला हेही विचारू लागलो आणि त्याचा दोन-तीन तपासांत उपयोग झाला. पण मनात राहिली ती वेगळी गोष्ट. वासाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी हसलो, ते काही वाईट हेतूने नव्हे. मीही त्या खुर्चीत फार काळ बसलो होतो. तक्रारी ऐकून ऐकून त्यातला वेगळा सूर मला ऐकू येईनासा झाला होता.

म्हणून बदली झाली तेव्हा माझ्या जागी आलेल्या तरुण निरीक्षकाला कार्यभार देताना मी एकच सल्ला दिला. म्हटलं, "पहिले पंधरा दिवस या ठाण्यात जे जे खटकेल ते लिहून ठेव. सोळाव्या दिवसापासून तुला ते दिसणार नाही." तो हसला, पण त्याने लिहिलं. पंधरवड्याने फोन करून त्याने मला यादी वाचून दाखवली. पहिलीच नोंद होती: तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला खुर्ची नाही.

अडीच वर्षं मी त्या ठाण्यात होतो.