चाबी देऊ नका

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर एक उंच मोटरसायकल घेतली. जन्मभर स्कूटरवर जबलपुरातलं खमरियाचं क्वार्टर ते फॅक्टरी एवढंच केलेला माणूस. आता त्याला डोंगरातल्या कच्च्या वाटा हव्या होत्या. त्या गाडीत त्यांचा जीव होता. मी कुरकुरत मागे बसायची.

त्या दिवशी सिहोऱ्याच्या पुढे, पार आडरानात, ओढ्याकाठी थांबलो. डब्यातले पोहे खाल्ले. ह्यांनी गाडीचे फोटो काढले, चाबी चालूच ठेवून. भर दुपारी हेडलाइट जळत राहिला. निघताना बटण दाबलं तर नुसतं टिकटिक. बॅटरी मेली! या गाड्यांना किक नसते, हे मला तेव्हा कळलं. वाळूत ढकलून पाहिली, दम निघाला, जागची हलेना. फोनला रेंज नाही.

"काढा, अजून काढा फोटो," मी म्हटलं.

तेवढ्यात झाडीतून एक माणूस आला. तोंडाला गमछा. आमच्याकडे बघायच्या आधी त्यानं गाडीकडे बघितलं, तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"नई है? अकेले हैं आप लोग?"

अरे, तुला काय करायचंय! वर म्हणतो, "चाबी दीजिए, सीट खोलनी पड़ेगी."

आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांची एक खोड आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी. आणि बाहेर कुणाला कळू द्यायचं नसलं की परत मराठी. दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या साड्यांना नावं ठेवायची, तो बिचारा हसत पुढची साडी उघडतो. मीही तेच केलं.

"अहो, चाबी देऊ नका. या भैयाचा काही भरोसा नाही. शकलेवरूनच चोर दिसून राहिला. गाडी गायब करेल."

"हळू बोल ना."

"काहून? त्याला काय समजते?"

पण आमचे हे म्हणजे भोळे सांब. दिली चाबी. त्या माणसानं सीट उघडली, खालची बॅटरी पाहिली आणि टेकाडावर चढून फोन लावला. त्याला बरी रेंज मिळाली! "दो जने हैं, बुजुर्ग. जल्दी आ जा," एवढं मी ऐकलं. मंगळसूत्र पदराखाली सरकवलं.

थोड्या वेळानं त्याचा एक सोबती पिकअप घेऊन आला. दोघांनी पिकअपच्या बॅटरीला वायरी जोडल्या, गाडी सुरू झाली. आणि तो गमछेवाला टांग टाकून बसला, गेला वळणापलीकडे! ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी गाडी," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आवाज लांब गेला, मग परत जवळ आला. गाडी वाळूत रुतू नये म्हणून वरच्या कडक वाटेनं तो वळून आला आणि गाडी ह्यांच्या हातात दिली.

"घर तक बंद मत करना, बाबूजी." मग गमछा खाली ओढून माझ्याकडे वळला. "दीदी, एक बात बताइए. चोर को मराठी में क्या बोलते हैं?"

ह्यांनी घाईघाईनं हेल्मेट घातलं. तो मात्र उत्तरासाठी थांबून राहिला.

"चोरच," मी म्हटलं.